वाट पाहणे

२०२४ सालच्या पावसाळ्यात, एका रविवारी ख्रिस्तयाग आटोपल्यावर, चर्चच्या आवारात छत्री मिटवीत आम्ही उभे होतो. धर्मग्रामातील एक तरुण आमच्याजवळ आला आणि काही प्रास्ताविक न करता म्हणाला, "काका, जी वाट डोळ्यांनी पाहिलीच नाही, तिची तयारी करता येते का हो?" मुलगा लग्नाच्या वयाचा, तेव्हा प्रश्न विवाहसंस्काराविषयी असावा अशी आमची समजूत झाली आणि त्या विषयावरचे आमचे नेहमीचे चार शब्द ओठांवर आलेही. पण त्याच्या मनात समुद्र होता.

येत्या २७ ऑक्टोबरला गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होणाऱ्या ट्रायथलॉन शर्यतीत त्याने आपले नाव नोंदविले होते. आमच्या पिढीला हा शब्द अपरिचित. म्हणून थोडे सांगतो. या शर्यतीत आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, ओल्या अंगानेच सायकलवर बसून ९० किलोमीटर जायचे आणि सायकल ठेवून २१.१ किलोमीटर धावायचे. आणि हे सारे साडेआठ तासांच्या आत. मैलांत बेरीज ७०.३ भरते, म्हणून शर्यतीच्या नावातच तो आकडा घातलेला आहे. हिची थोरली बहीण याच्या दुप्पट लांबीची. तिचा जन्म १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांत झाला. त्या दिवशी पंधरा जण पाण्यात उतरले आणि बारा जण शेवटास पोहोचले. धाकटी शर्यत भारतात प्रथम झाली ती २० ऑक्टोबर २०१९ रोजी, याच मिरामारला. पोहण्यासाठी सत्तर मिनिटे मिळतात. सत्तर मिनिटांत जो किनाऱ्याला लागला नाही, त्याची सायकल त्या दिवशी जागची हलत नाही.

वऱ्हाडात समुद्र नाही. अमरावतीहून कोणत्याही दिशेने निघा, पाचशे किलोमीटरांच्या आत लाट दिसायची नाही. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी मात्र खारे आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील त्या टापूला खारपाणपट्टाच म्हणतात. "मिठाची चव तरी तुला घरबसल्या मिळाली आहे," असे आम्ही त्याला थट्टेने म्हणालो. तो हसला नाही. जलतरण तलावात तो रोज पहाटे पोहत असे. पण तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, पंचवीस-पन्नास मीटरांवर भिंत असते, आणि दम लागला तर हात टेकायला कठडा असतो. समुद्रात रेघ नाही, भिंत नाही, कठडाही नाही. मांडवी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथले ते पाणी.

बाकीची तयारी त्याने वऱ्हाडात जशी करता येईल तशी केली होती. घाट चढायचा सराव चिखलदऱ्याला. परतवाडा सोडल्यावर सातपुड्याची चढण सुरू होते ती अकराशे मीटरांच्या उंचीवर नेऊन सोडते. लांब पल्ल्याच्या सायकलीसाठी अकोल्याचा रस्ता. शनिवारी पहाटे चारला अमरावतीहून निघायचे, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू मागे टाकीत ऊन चढण्यापूर्वी अकोल्यात शिरायचे. शर्यतीतले नव्वद किलोमीटर म्हणजे जवळजवळ तेवढेच अंतर. हा तोच महामार्ग, ज्यावर जून २०२२ मध्ये पंच्याहत्तर किलोमीटरांची एक सलग मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली गेली आणि गिनेस बुकात नोंद झाली. एवढी घाई कशासाठी, असे तेव्हा आमच्यासारख्यांनी विचारले होते. पण सायकलवाल्या मुलांनी तो प्रश्न विचारला नाही, हेही नमूद केले पाहिजे. आणि या रस्त्याच्या अकोल्याकडच्या टोकाला त्याचे घर होते. घरात आई, वडील आणि आजी. तो नोकरीनिमित्त अमरावतीत एकटा राही. शनिवारी तो घरी पोहोचे, दोन पेले पाणी पिई, मनगटावरचे घड्याळ पाही, आणि तासाभरात सायकलसह परतीच्या वाटेला लागे. आजी खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यात वाढलेली, तिची बोली अस्सल वऱ्हाडी. ती आम्हांला एकदा म्हणाली, "भाऊ, थो पोहते, सायकल चालोते, पयते, पन माह्यापाशी घडीभर बसत नाई." त्या वेळी आम्ही हे वाक्य हसण्यावारी नेले.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. या खेळात तयारीचे दोन भाग असतात. एक सराव, तो शरीराला द्यायचा. दुसरा भाग म्हणजे वाट आधी पाहून ठेवणे. जाणते स्पर्धक दोन-तीन दिवस आधी पोहोचतात. ज्या घटकेला शर्यत सुरू व्हायची त्याच घटकेला त्याच पाण्यात उतरून पाहतात. सूर्य कोणत्या बाजूने डोळ्यांवर येतो, प्रवाह कुठे ओढतो, तरंगत्या खुणा लाटेवरून दिसतात की नाही, हे मनात टिपून घेतात. सायकलचा मार्ग वाहनाने फिरून येतात, वळण कुठे आहे, पाणी कुठे मिळेल, हे पाहतात. आमच्या या मित्राने त्यासाठी आठवडाभराची रजा राखून ठेवली होती. गुरुवारी, २४ तारखेला, गोव्यात पोहोचायचे आणि शुक्रवार-शनिवार समुद्राशी ओळख करून घ्यायची, असा त्याचा बेत होता.

त्याच उन्हाळ्यात जगाने एक मौजेचा प्रकार पाहिला होता. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचे पोहणे सेन नदीत व्हायचे होते. स्पर्धकांना नदीची ओळख व्हावी म्हणून जी दोन सत्रे ठेवली होती, ती पाणी अशुद्ध ठरल्यामुळे २८ आणि २९ जुलैला एकामागून एक रद्द करण्यात आली. ३० जुलैची पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे ढकलली गेली. ३१ तारखेला जगातले सर्वोत्तम स्पर्धक नदीत उतरले ते तिच्या प्रवाहाची पूर्वओळख करून न घेता. आणि प्रवाह जोराचा होता. आमच्या तरुणाने हे सारे रात्री जागून पाहिले होते. "त्यांना नदी पाहू दिली नाही, तरी ते पोहले," तो म्हणाला. "मग आधी पाहण्याला अर्थ काय? आणि खरे सांगू का काका? मला कधी वाटते, एवढे सगळे आधी पाहून ठेवणे म्हणजे देवावर विश्वास नसल्यासारखेच आहे. उद्याची चिंता करू नका, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो ना?"

त्याने हे अर्धवट विनोदाने म्हटले असेल. पण आमच्या घरांतून हाच प्रश्न निराळ्या कपड्यांत रोज फिरत असतो. विम्याचा हप्ता भरावा की देवावर भार टाकावा. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले तर ते रोग्याला सांगावे की झाकावे. मृत्युपत्र करणे म्हणजे मरणाला बोलावणे, असे मानणारे वडीलधारे आपल्यात अजून आहेत. पुढची वाट आधी पाहणे हा शहाणपणा की अश्रद्धा?

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची मोठी शेतकरी पद्धतीची उकल केली आहे. दूरदृष्टी हा शहाणपणाचा मुख्य भाग आहे, किंबहुना लॅटिन भाषेत त्या सद्गुणाचे नावच दूरदृष्टीवरून आले, असे ते मानतात. मग उद्याच्या चिंतेचे काय? ते म्हणतात, प्रत्येक काळाला त्याची त्याची काळजी लागू असते. धान्य कापण्याची काळजी उन्हाळ्याची, द्राक्षे तोडण्याची काळजी शरदाची. जो उन्हाळ्यातच द्राक्षांची चिंता वाहतो, तो पुढच्या ऋतूचे ओझे फुकट आज डोक्यावर घेतो. प्रभूने मनाई केली ती या फुकटच्या ओझ्याला. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हेही त्याच प्रभूने सांगितले आहे.

हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात पऱ्हाट्या उपटून तो रान मोकळे करतो, नांगरतो, वखरतो. मृगाचा पाऊस येईल की नाही हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पावसाची वाट त्याला आधी पाहता येत नाही, पण जमीन तयार ठेवता येते. तिथपर्यंत शहाणपण. कोणी कोणी मात्र पावसाच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकतो. तिला आपण धूळपेरणी म्हणतो. साधली तर चार दिवसांचा फायदा. हुकली तर बियाणे गेले आणि कर्ज उरले. धूळपेरणी करणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हणणार नाही; त्याची निकड त्याला ठाऊक. पण तयारी आणि जुगार यांच्यामधला बांध किती अरुंद असतो, हे त्याच्याइतके कोणाला कळत असेल, असे वाटत नाही.

आधी वाट पाहून येणाऱ्यांची एक जुनी गोष्ट पवित्र शास्त्रात, गणनेच्या पुस्तकात आहे. मोशेने कनान देश पाहून येण्यास बारा जणांना धाडले. ते चाळीस दिवस हिंडले. बाराही जणांनी तीच जमीन पाहिली, तीच द्राक्षे पाहिली (एक घड दोघांनी काठीवर टांगून आणला), तीच तटबंदीची नगरे आणि तीच धिप्पाड माणसे पाहिली. परत आल्यावर दहा जण म्हणाले, जमणार नाही. कालेब आणि यहोशवा म्हणाले, जमेल. माहिती एक, आणि निष्कर्ष दोन. आम्ही अनेकदा या कथेपाशी थांबतो. वाट पाहून धैर्य येत असते, तर बाराही जणांना आले असते. पाहणे हे धैर्य देत नाही. आधीचेच धैर्य, किंवा आधीचेच भय, पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ लावते.

मग ते धैर्य येते कोठून? याच्या उत्तरासाठी आपल्याला गेथशेमानेच्या बागेत जावे लागेल. पुढे काय होणार, हे पेत्राला अज्ञात नव्हते. प्रभूने आपल्या दुःखसहनाविषयी शिष्यांना एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते. पेत्राला तर त्याच्या स्वतःच्या घसरणीची जागादेखील दाखवून दिली होती: कोंबडा आरवण्यापूर्वी, तीन वेळा. इतकी तपशीलवार माहिती आजच्या कोणत्याही स्पर्धकाला मिळत नसेल. वळण कुठे आहे ते ठाऊक होते. आणि नेमके त्याच वळणावर तो पडला. का? आम्हांला असे दिसते, की पेत्राजवळ माहिती होती, सराव नव्हता. त्या रात्री प्रभूने त्याच्याकडे फार मोठे काही मागितले नव्हते. एक तासभर जागे राहण्यास सांगितले होते. तेवढे त्याच्याने झाले नाही. आणि जो एक तास जागू शकला नाही, तो अंगणातल्या शेकोटीपाशी एका दासीच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकला नाही. शेकोटीपाशी लागणारे बळ बागेतल्या त्या तासात मिळायचे होते. आणि प्रभू? वाट त्यालाही पूर्ण ठाऊक होती. तरी घाम त्यालाही आला. वाट ठाऊक असल्याने वेदना कमी होते, असे जे सांगतात, त्यांनी ते पान पुन्हा वाचावे.

आपण कॅथलिक माणसे माहितीच्या बाबतीत श्रीमंत आहोत. उपवासकाळात दर शुक्रवारी आपण क्रूसाची वाट करतो. चौदा स्थाने, त्यांचा क्रम, कुठे तो पडला, कुठे शिमोनाने हात दिला, सारे लहान मुलांनाही तोंडपाठ. ही वाट पाहून ठेवण्याचीच रीत आहे. नमो मरियेच्या प्रार्थनेत आपण दिवसातून कितीदा तरी स्वतःच्या मरणघटकेचा उल्लेख करतो. दुसऱ्या कोणत्या शर्यतीचा शेवट माणूस इतक्यांदा आधी उच्चारून ठेवीत असेल? पण चौदा स्थाने पाठ असलेल्या माणसाला शेजारच्या घरातला पडलेला माणूस उचलण्याची सवय असतेच, असे नाही. आम्ही हे स्वतःवरून सांगत आहोत.

सवय हा शब्द आपण फार हलका करून टाकला आहे. सवय म्हणजे चहाची, विडीची. जुन्या धर्मचिंतकांच्या लेखी सद्गुण हीच एक सवय होती: सत्कृत्य पुन्हा पुन्हा करून अंगात मुरलेली तयारी. संत इग्नाती लोयोला यांनी आपल्या पुस्तकाला साधनेचे, व्यायामाचे नाव दिले, आणि आरंभीच चालणे-धावणे या देहाच्या व्यायामांशी आत्म्याच्या व्यायामाची तुलना केली. संत पौल ज्या करिंथकरांना धावणाऱ्याचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला देतो, त्यांच्या नगराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत. कोमेजणाऱ्या पानांच्या मुकुटासाठी माणसे स्वतःला किती आवरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. अमरावतीकरांना तरी व्यायाम हा परका विषय वाटायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये, ऑलिंपिकच्या वेळी, बर्लिनला आपले देशी खेळ दाखवून आले. बर्लिनचे मैदान त्या मुलांनी आधी कुठे पाहिले होते? ती आपल्यासोबत घेऊन गेली ते आखाड्याच्या मातीत मुरलेले अंग.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. आजच्या या शर्यतींत पुष्कळ अहंकार आहे. लाखाच्या घरातल्या सायकली, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे, आणि आपण किती धावलो हे गावभर कळविण्याची घाई. ज्या मजुराने कापसाच्या शेतात दिवसभर वाकून वेचणी केली, त्याला सायंकाळी धावायला जावे लागत नाही. शिवाय सराव वेळ खातो, आणि तो वेळ बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. आजीचे ते वाक्य आम्ही हसण्यावारी नेले, असे वर म्हटले. वस्तुतः या विषयावरचे सर्वांत गंभीर वाक्य तेच होते.

तरीही एक उदाहरण आमच्या मनातून जात नाही. अमेरिकेतील सिस्टर मॅडोना ब्यूडर, जन्म १९३०. एका धर्मगुरूने सुचविल्यावरून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या धावू लागल्या, बावन्नाव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन केली, आणि २०१२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, कॅनडातली थोरली शर्यत सतरा तासांच्या मर्यादेत, साडेसोळा तासांच्या आसपास पूर्ण केली. त्यांच्या वयाच्या स्पर्धकांसाठी गटच नव्हता. तो त्यांच्यामुळे उघडावा लागला. पुष्कळ शर्यती त्यांना अर्ध्यावर सोडाव्याही लागल्या. एका धर्मभगिनीने हे करावे का, यावर आपल्याकडे दोन मते होतील. आम्हांला वाटते, शरीर हे झिजवून संपवायचे ओझे नसून अखेरपर्यंत देवाच्या कामी ठेवायचे साधन आहे, हे त्यांनी जितक्या साध्या रीतीने दाखविले, तितके पुष्कळ प्रवचनांना जमत नाही.

त्या रविवारी आम्ही त्या तरुणाला यातले थोडेसेच सांगितले. इब्री लोकांस पाठविलेल्या पत्रात येशूसाठी एक ग्रीक शब्द आला आहे, 'प्रोद्रोमोस'. म्हणजे पुढे धावून गेलेला, सैन्याच्या आधी वाट पाहून येणारा. नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आहे. आम्ही म्हणालो, "अरे, सगळ्यांत कठीण वाट कोणीतरी आपल्याआधी पाहून आलेला आहे. तुझा समुद्र त्या मानाने लहान." तो म्हणाला, "काका, तुम्हांला पोहता येते?" आम्हांला येत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजी न्हाणीत पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरी आणले. पण ती खचतच गेली. दिवसा ग्लानी, रात्री तगमग. मध्यरात्रीनंतर ती उठून बसू पाही, कोणाला तरी हाका मारी, आणि धरायला माणूस नसले तर पुन्हा पडण्याचे भय. वडिलांची रात्रपाळी, आई दिवसभराच्या शुश्रूषेने थकलेली. धर्मगुरूंनी येऊन रुग्णाभ्यंग संस्कार दिला. दिवाळीच्या आधीचे दिवस, मदतनीस बाई मिळेना.

तरुणाने आम्हांला फोन केला. "गुरुवारी निघायचे आहे. जाऊ की राहू?" आम्ही क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "जा. घरात माणसे आहेत. वर्षभर कष्ट केलेस." आम्ही चांगल्या हेतूने बोललो, पण आज ते उत्तर आठवले की आम्हांला बरे वाटत नाही. प्रश्न आम्हांला विचारण्यापूर्वीच त्याच्या मनात त्याचे उत्तर तयार होते, एवढेच आमचे भाग्य.

वाट पाहण्यासाठी राखलेली रजा त्याने अकोल्याला काढली. रात्री दोनपर्यंत आई बसे, आणि दोनला तो उठे. वर्षभर पहाटे साडेतीनला उठण्याची सवय. त्याला ते जड गेले नाही. इतर कोणाचे डोळे त्या वेळी उघडे राहिले नसते, असे त्याची आई म्हणाली. तो आजीच्या उशाशी बसे, तिचा हात धरून ठेवी आणि ती झोपली म्हणजे तिचे श्वास मोजी. शंभरापर्यंत मोजायचे आणि पुन्हा एकपासून. गळ्यात जपमाळ घालून घेण्याचा हट्ट ती करी. मग त्याच मण्यांवर मोजणी होई. मराठीत वाट पाहणे म्हणजे थांबून राहणे; ही गोष्ट आम्ही शाळेपासून बोलत आलो आणि तिच्याकडे आमचे लक्ष त्या आठवड्यात गेले. जो मुलगा घडीभर बसत नव्हता, तो सहा रात्री बसला. सराव त्याने समुद्रासाठी केला होता. तो खर्ची पडला तो अकोल्याच्या एका खोलीत, जिथली वाट त्याने कधी पाहून ठेवलेली नव्हती.

शुक्रवारी, २५ तारखेला सायंकाळी, वडिलांची पाळी बदलून मिळाली तेव्हा तो निघाला. मुंबईमार्गे पणजीला पोहोचेपर्यंत शनिवारची दुपार झाली. नोंदणी, सायकल जागेवर लावणे, हे सोपस्कार उरकून तो मिरामारच्या वाळूवर गेला तेव्हा सूर्य बुडत होता. समुद्र त्याने असा पाहिला: संधिप्रकाशात, काठावरून, अर्धा तास.

सकाळी पहिल्या दोनशे मीटरांत त्याची गाळण उडाली. नाकातोंडात खारे पाणी गेले, तरंगती खूण दिसेना, आणि परत फिरावे असे वाटू लागले. मग तो उताणा झाला, तरंगत राहिला आणि श्वास मोजू लागला. शंभरापर्यंत, पुन्हा एकपासून. यावर काही भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतो. त्याने स्वतःही ते एखाद्या तांत्रिक गोष्टीसारखे सांगितले. सत्तर मिनिटे भरायला चार मिनिटे उरली असताना तो किनाऱ्याला लागला. सायकल बरी गेली. धावताना पायांत पेटके आले आणि शेवटचे पाच-सहा किलोमीटर तो बहुतेक चाललाच. साडेआठ तासांच्या आत मात्र तो पोहोचला. वाट आधी पाहिली असती तर वेळ सुधारला असता का? नक्कीच सुधारला असता, असे तो म्हणतो, आणि आम्हांला त्याचा हा प्रामाणिकपणा आवडतो. राहिल्याबद्दल देवाने त्याला बक्षीस दिले, असे मानायला तो तयार नाही, आम्हीही नाही.

सोमवारी तो जुन्या गोव्याला गेला. महिन्याभराने, २१ नोव्हेंबरपासून, तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन सुरू व्हायचे होते. आजीच्या मनात ते दर्शन घ्यायचे होते. ते आता होणे नाही, हे तिलाही कळत होते. म्हणून बासिलिकेत जाऊन तिच्या नावाने मेणबत्ती लावून ये, असे तिने बजावले होते. पेटके आलेल्या पायांनी तो गेला आणि मेणबत्ती लावून आला.

नाताळच्या आधी, आगमनकाळात, ती गेली. त्यापूर्वी जवळजवळ दीड महिना तिला मिळाला आणि त्यातले काही दिवस शुद्धीचे होते. तो गोव्याहून परतला त्या दिवशी ती सावध होती. आम्हीही योगायोगाने तिथेच होतो. पदक तिने हातात घेऊन पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारले, "पानी कसं व्हतं रे समुद्राचं? आपल्या विहिरीवानी खारं?"

"त्याहून खारं, आजी."

ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"मंग प्यायले काय देल्लं रे तुले?"